हा नंबर कुणाचा?

कुणी पासवर्ड टाकायला लागलं की सोनकांबळे खुर्चीतून उठायचा आणि त्या माणसाकडं चक्क पाठ करून उभा राहायचा. मान वळवणं, छताकडं बघणं असलं अर्धवट काही नाही, पूर्ण पाठ. समोर भिंत असली तर भिंतीकडं तोंड करून. "झालं का?" म्हणून विचारायचा आणि 'हाव' ऐकल्यावरच वळायचा. आम्ही तोंड दाबून हसायचो. आमच्या ऑफिसात एकमेकांचे पासवर्ड सगळ्यांना पाठ होते. मालकांचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या मुलीचं नाव आणि तिचं जन्मसाल. तो खालच्या चहावाल्यालाही माहीत असेल, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. सोनकांबळेनं एकदा खरंच खाली जाऊन चहावाल्याला विचारलं, आणि त्याला तो माहीत होता.

नांदेडात, दवाखान्यांच्या गल्लीमागं, दुसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. कंपनी म्हणजे आम्ही सात डेव्हलपर, मालक आणि एक कायम बंद पडलेला एसी. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी आम्ही सॉफ्टवेअर करायचो. पेशंटनं रक्त द्यायचं, घरी जायचं, रिपोर्ट मोबाईलवर. जिल्ह्यातल्या बऱ्याच लॅब आमच्याकडं होत्या, पार किनवटकडच्या खेड्यांतल्या कलेक्शन सेंटरपर्यंत. मग एका मोठ्या गिऱ्हाईकानं अट घातली की सिक्युरिटीचा माणूस ठेवत असाल तर बोला. म्हणून सोनकांबळे आला. हुद्दा ॲप्लिकेशन सिक्युरिटी इंजिनिअर. पुण्यातली बरी नोकरी सोडून आला होता, कारण उमरीजवळच्या गावात वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि घरात बघणारं दुसरं कुणी नव्हतं.

त्याचं काम काय, ते माझ्या आईला मी एकदा सांगितलं होतं. आम्ही घर बांधतो आणि हा माणूस येऊन दारं-खिडक्या ढकलून बघतो, कुठून आत घुसता येतं ते. आई म्हणाली, मग तुम्ही दारं नीट का लावत न्हाईत?

दारं नीट लावायला आम्हाला वेळ नव्हता, हे खरं उत्तर. दर पंधरा दिवसाला रिलीज, म्हणजे सुधारलेलं सॉफ्टवेअर लॅबना द्यायचं, त्यात लॅबवाल्यांचे फोन, त्यात मालक. सोनकांबळेला एखादं भोक सापडलं की तो त्याचं तिकीट काढायचा, म्हणजे सिस्टीममध्ये आमच्या नावावर तक्रार टाकायचा. आम्ही त्यावर 'नंतर बघू' असं लिहून ते बंद करायचो. रोज सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तो आदल्या दिवशी बंद झालेली सगळी तिकिटं परत उघडायचा. भांडण नाही, आवाज नाही. आमच्यातला एक जण पाठीमागं म्हणायचा की यांना जिथं तिथं नियमच लागतो. त्या 'यांना' शब्दाचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळायचा. मी हसलो नाही कधी, पण बोललोही नाही. सोनकांबळेच्या कानावर ते गेलं असणारच, तो शेजारच्याच टेबलावर बसायचा.

त्याचं पालुपद एकच. "मग काय होईल?" आम्ही म्हणायचो, सर, हे इतकं खोलात कोण जाणार? तो म्हणायचा, समजा गेला, मग काय होईल? डेटा दिसेल. दिसला, मग काय होईल? असा एकेक पायरी उतरवत तो माणसाला तळाला नेऊन सोडायचा. तळाला कायम एखादं नाव असायचं. टेस्टिंगसाठी आम्ही 'एबीसी', 'टेस्ट वन' अशी नावं टाकायचो, हा मात्र सखूबाई, ठकूबाई, गयाबाई अशी गावाकडच्या बायकांची नावं टाकायचा. सखूबाईचा रिपोर्ट शेजारणीला दिसून राहिला, असं तो मीटिंगमध्ये बोलायचा, जणू सखूबाई बाहेर बाकड्यावर बसलीय.

मला हा माणूस पहिले चार महिने अजिबात आवडत नव्हता, सरळच सांगतो. मग एक गोष्ट झाली.

आमच्या रिपोर्टच्या लिंकमध्ये शेवटी एक नंबर असायचा. तो नंबर एकानं वाढवला की पुढच्या पेशंटचा रिपोर्ट उघडायचा. सोनकांबळेनं पहिल्याच आठवड्यात हे पकडलं होतं, तिकीट माझ्या नावावर होतं, आणि मी ते पाच वेळा बंद केलं होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला जिन्यात बोलावलं.

"कदम, मी टेस्टिंगच्या मशीनवर नंबर एकेक वाढवून बघून राहिलो होतो," तो म्हणाला. "मधी तुमचं नाव आलं. म्हणून सांगून राहिलो."

टेस्टिंगच्या मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायच्या कॉम्प्युटरवर, आम्ही लॅबचा खरा डेटाही जसाच्या तसा उचलून टाकायचो, आणि मी तपासणी केली होती आमच्याच गिऱ्हाईक लॅबमध्ये. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्या झाल्या हे घरादाराला माहीत होतं. माझीही झाली, आणि दोष माझ्यात निघाला, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आई माझ्या बायकोला घालूनपाडून बोलायची आणि मी गप जेवायचो.

"वाचलं का?" मी विचारलं.

"नाव वाचलं. नाव वाचल्यावर पाठ केली."

पाठ केली म्हणजे त्यानं खरंच पाठ केली असणार, रिकाम्या खोलीत, कॉम्प्युटरकडं. त्याच्यावर माझा तिथं विश्वास बसला. पाच वेळा 'नंतर बघू' लिहिलेलं काम मी दोन दिवसांत संपवलं. दुसऱ्याच्या सखूबाईसाठी केलं नव्हतं, स्वतःसाठी केलं, याची लाज मला तेव्हा वाटली नाही, नंतर वाटली.

उपाय त्याचाच होता. लिंक उघडली की पेशंटच्या मोबाईलवर ओटीपी जाईल, तो आकडा टाकल्याशिवाय रिपोर्ट दिसणार नाही. त्यानं डिझाइन काढलं, मी बांधलं. मग त्यानं तीन दिवस बसून ते फोडायचा प्रयत्न केला आणि त्याला फोडता आलं नाही. असा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी खाली चहा प्यायला आला. एरवी तो आपला स्टीलचा पेला घेऊन टेबलावरच चहा प्यायचा. मालकांनी लॅबवाल्यांना फोन करून सांगितलं की आता एकदम बँकेसारखं.

दोन महिने सगळं गोड चाललं. मग एका सकाळी इस्लापूरकडच्या कलेक्शन सेंटरवाल्याचा फोन आला. माझ्याशीच बोलला. गावात लई गोंधळ झालाय म्हणाला, एका बाईचा रिपोर्ट फुटला.

त्या बाईंचं नाव मी लिहीत नाही. सोनकांबळेनं ते मला कधी उच्चारूही दिलं नाही. इस्लापूरच्या पुढच्या एका गावातल्या त्या बाई, नवरा वारलेला, एक मुलगी आठवीत. गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. ताप हटत नव्हता म्हणून रक्त दिलं. त्यांच्याकडं मोबाईल नव्हता. कागदावर मोबाईल नंबर लिहायची जागा होती, तिथं त्यांनी किराणा दुकानदाराचा नंबर दिला. सगळी वस्ती तोच देते. गॅसला तोच, रेशनला तोच, बँकेत तोच, पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर तोच. काही आलं की दुकानदार हाक मारतो, तुमचा निरोप आलाय म्हणून.

निरोप आला. दुकानदारानं लिंक उघडली. सॉफ्टवेअरनं ओटीपी मागितला, ओटीपी त्याच्याच फोनवर गेला, त्यानं टाकला. तो काही वाईट माणूस नव्हता, बाईला वाचून सांगावं म्हणूनच उघडलं असेल. रिपोर्ट एचआयव्हीचा होता. त्यानं बाईंना हाक मारली नाही. बायकोला सांगितलं, आणि तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती.

असला रिपोर्ट पेशंटला समोर बसवून, समजावून द्यायचा असतो, असा नियम आहे. नियम कागदावर होता, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. मशीनमधून निघालेला प्रत्येक रिपोर्ट आपोआप पुढं पाठवायचा, हा भाग मी लिहिला होता आणि सोनकांबळेनं त्यावर सही केली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेतली पोरं घरून डबे घेऊन आली. खिचडीचं भगुनं भरलेलं तसंच राहिलं. बाईंना वाटलं मीठ जास्त पडलं. त्यांनी चव घेऊन बघितली. मीठ बरोबर होतं. तिसऱ्या दिवशी पण भगुनं भरलेलंच. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी लांब उभं राहून त्यांना सांगितलं की तुम्ही आता येऊ नका, आणि का ते विचारल्यावर कारणही सांगितलं. स्वतःच्या आजाराची बातमी त्या बाईंना अशी मिळाली.

आमच्याकडं मीटिंग झाली. मालक घाबरलेले होते, पण सोनकांबळेनं लॉग काढून दाखवल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. लॉग म्हणजे कोण कधी आत आलं याची सॉफ्टवेअरनं ठेवलेली नोंद. नंबर बाईंनीच दिलेला, ओटीपी बरोबर, वेळ बरोबर. मालक म्हणाले, मग आपली चूक कुठं आहे?

"लॉगमध्ये एकबी चूक न्हाई सर," सोनकांबळे म्हणाला. "मी दोनदा बघितलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली आणि इस्लापूरला निघाला. मी सोबत येऊ का म्हणालो. का म्हणालो, ते मलाही धड माहीत नाही.

किनवटची बस हिमायतनगर सोडेपर्यंत तो खिडकीतून कापसाची रानं बघत होता. मग आपण होऊन बोलायला लागला, वडिलांबद्दल. वडील पोस्टमन. त्यांच्या काळात वस्तीवरच्या लोकांना पत्ता नसायचा. अमक्याच्या दुकानाजवळ, असंच पाकिटावर लिहिलेलं असायचं. दुकानात चिठ्ठी टाकून मागं फिरलं असतं तर कुणी विचारणार नव्हतं. पण वडील सायकल दुकानाशी लावून चिखलातून वस्तीवर जायचे, जिचं नाव तिच्या हातात द्यायचे, ती म्हणाली तरच वाचून दाखवायचे. सोबत पोरगं असलं तर त्याला लांब, पाठ करून उभं करायचे. वाचून झाल्यावर म्हणायचे, झालं, वळ.

"आमच्या घरचा नंबरबी कित्येक वर्षं दुकानदाराचाच होता," तो म्हणाला. "पुण्याहून मी त्याच्याच फोनवर आईशी बोलायचो. तुम्ही शहरात वाढले, तुम्हाला माहीत नसंल. मला माहीत होतं कदम. टेबलावर बसून मला आठवलंच न्हाई."

मी हदगावचा, माझं काही शहरात वाढणं झालेलं नाही. तो मला सूट देत होता.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "माझ्या बापानं चिठ्ठी कधी दुकानात टाकली न्हाई. मी टाकली."

बाई घराबाहेर दगडावर बसल्या होत्या. आम्ही कोण, कशाला आलो, हे सोनकांबळेनं काही न लपवता सांगितलं. ज्या यंत्रातून तुमचा कागद दुकानात गेला ते आम्ही केलं, असं. त्या ऐकत होत्या. आल्यागेल्याला पाणी द्यायची रीत, आणि त्या उठेनात. सोनकांबळेच्या ते लक्षात आलं. त्यानं पाणी मागितलं. त्यांनी तांब्या आणून दिला आणि हात मागं घेतला. तो घोटाघोटानं सगळं पाणी प्यायला. मग माझ्यासाठी पेला आला. मी इंजिनिअर, पाण्यातून काही होत नसतं हे मला पक्कं ठाऊक, आणि तरी पेला ओठाला लावताना माझा हात थांबला. बाईंनी ते बघितलं. मी प्यायलो, पण ते बघून झालं होतं. आजही पेला हातात घेताना मधूनच आठवतं.

त्या रडल्या नाहीत, शिव्याही दिल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, "रोग हाय तर हाय, त्याला काय करता. पण मला सगळ्याच्या शेवटी कळालं. माझ्या पोरीला बी माझ्याआधी माहीत होतं."

सोनकांबळेनं त्यांना नांदेडला सरकारी दवाखान्यात आणलं, गोळ्या चालू करून दिल्या. महिनाभरानं तो पुन्हा गेला तर घराला कुलूप. मुलीला घेऊन तेलंगणात कुठंतरी सरकी-कापसाच्या कामाला गेल्या, एवढंच शेजाऱ्यांनी सांगितलं. कुठं ते कुणाला माहीत नाही, गोळ्या चालू आहेत का तेही नाही. फोन करून विचारावं तर नंबर दुकानदाराचा. दुकानदार म्हणाला, आता त्यांचं काही येत न्हाई माझ्याकडं.

परत आल्यावर त्यानं एक शेवटचं तिकीट काढलं. मोबाईल नंबर लिहून घेताना काउंटरवरच्या माणसानं दोन प्रश्न विचारायचे. हा नंबर कुणाचा? आणि रिपोर्ट आधी कुणाला सांगायचा? नंबर दुसऱ्याचा असेल तर मोबाईलवर काही पाठवायचं नाही, कागद हातात द्यायचा. आणि काही रिपोर्ट असे, की डॉक्टरनं सोडल्याशिवाय ते निघणारच नाहीत. दुसरा भाग मालकांनी लगेच मान्य केला, वकिलानंही तेच सांगितलं होतं. पहिल्याला ते तयार होईनात. काउंटरवर गर्दी असते, प्रत्येकाला हे विचारत बसलं तर लॅबवाले आपल्याला सोडून जातील, आणि लोक तरी कुठं खरं सांगतात. सोनकांबळे म्हणाला, मी चार लॅबच्या काउंटरला बसून आलोय सर, विचारलं की सांगतात, आपण विचारत न्हाई. मालकांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, कदम, तुला काय वाटतं?

मी कीबोर्डकडं बघत म्हणालो की पुढच्या रिलीजमध्ये बघू.

त्यानं राजीनामा दिला. जायच्या दिवशी पेला पुसून पिशवीत ठेवला, सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. रागाचा एक शब्द नाही. तेवढा राग त्यानं केला असता तर मला बरं वाटलं असतं. तिकीट माझ्या नावावर उघडंच होतं. पुढच्या सोमवारी मी ते बंद केलं. मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी स्क्रीनकडं बघत बसलो, ते कुणी उघडलं नाही.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते लातूरला, यंदाच्या उन्हाळ्यात. माझी बहीण तिथं असते. आई तिच्याकडं गेली होती, पोटात दुखायचं निमित्त झालं, दवाखान्यात गाठ निघाली आणि तिचा तुकडा तपासायला गेला. फॉर्मवर नंबर अर्थातच माझा होता. दोन दिवसांनी मला नांदेडला मेसेज आला. ओटीपी आला, मी टाकला, वाचलं. गाठ साधी नव्हती. लातूरला जाऊन आईला सांगितलं की साधी गाठ आहे, उगं मोठ्या डॉक्टरला एकदा दाखवून घेऊ. बहिणीलाही तेच सांगितलं. आईच्या भल्यासाठीच करतोय, अशी माझी अगदी खात्री होती.

मोठ्या डॉक्टरच्या दवाखान्यात नाव नोंदवायला आईला घेऊन उभा राहिलो आणि बघतो तर काउंटरवरच्या मुलीशेजारी स्टुलावर सोनकांबळे. केस बरेच पिकलेले. मांडीवर वही. आता लातूरच्याच एका कंपनीत होता आणि त्यांचं सॉफ्टवेअर या दवाखान्यात लागणार होतं. चार-आठ दिवस काउंटरला बसल्याशिवाय मी सही करत नाही, हे त्यानं त्या मुलीलाही आधीच सांगितलेलं दिसलं, कारण ती त्याला 'काका, तुमचे प्रश्न विचारा आता' म्हणाली. मला बघून त्यानं मान हलवली. ओळख दाखवली, पण बोलला आईशी.

"माय, हा मोबाईल नंबर कुणाचा?"

"लेकाचा हाय," आई कौतुकानं म्हणाली. "ह्यो काय."

"तुमचा रिपोर्ट आला तर आधी कुणाला सांगायचा? तुम्हाला का लेकाला?"

आईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या पंच्याहत्तर वर्षांत असं तिला कुणी विचारलं नसणार. मला वाटलं, म्हणेल, मला काय कळतं, त्यालाच सांगा. मी तीच वाट बघत होतो.

"मला सांगा," आई म्हणाली. "पोट माझं हाय."

सोनकांबळेनं वहीत लिहिलं. मग मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं. त्याला काय कळलं कुणास ठाऊक, पण माझ्या चेहऱ्यावर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आम्ही समोरच्या बाकावर बसलो. आईनं पदर सावरला आणि हळू आवाजात विचारलं, "तुझ्या फोनवर आलाय का रे काही?"

मी हाव म्हणालो. फोन काढून रिपोर्ट उघडला. तिला वाचता येत नाही. मी तिच्या जवळ सरकलो आणि नावापासून वाचायला सुरुवात केली, अर्थ सांगत सांगत. चौथ्या ओळीला मी थांबलो, तशी तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुढं वाच म्हणाली. एकदा मी डोळे पुसायला मान वर केली. समोर स्टुलावर सोनकांबळे आमच्याकडं पूर्ण पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला होता.